विसर्ग

पहिल्या आवृत्तीत राग लाल होता,
दुःख निळं, भीती पांढरी.
प्रत्येकाची एकेक पट्टी, डाव्या कोपऱ्यात.
खेळणाऱ्याने त्या रिकाम्या करायच्या.
तन्वीरने तीन मिनिटांत खेळ जिंकला
आणि म्हणाला, आता मला राग आलाय.

सातपूरच्या त्या खोलीखाली लेथ मशीन चालायचं.
वर आम्ही दोघं, शांततेचा खेळ बनवणारे.
खर्रर्र रेकॉर्डिंगमध्ये येतं म्हणून
रात्री काम, दिवसा डोळे लाल.

मग मी पट्ट्या पुसल्या
आणि पडद्याच्या मधोमध दुतोंड्या मारुती उभा केला.
नाशिकच्या माणसाला वेगळी मोजपट्टी शिकवावी लागत नाही:
पाणी पायाला, पाणी कमरेला, पाणी छातीला.
बाहेरच्यांना कळेल का? तन्वीर म्हणाला.
गळ्याशी आलं की सगळ्यांना कळतं.

खेळ साधा. वर धरण, खाली घाट.
सुरू होताना नुसती दोन टिंबं, एकावर एक,
श्वास सोडल्यासारखी.
मग दिवसभराचं काहीबाही येऊन साचू लागतं:
न दिलेलं उत्तर, जावेचा टोमणा,
एक फोन, जो उचलायला नको होता.
दरवाजा किती उघडायचा ते तुमच्या अंगठ्यावर.
गुण नाहीत. घड्याळ नाही.
पुण्याच्या गुंतवणूकदाराने विचारलं, मग माणूस हरतो कसा?
म्हटलं, अजून ठरलं नाही.
ते खरं होतं.

भांडी बाजारातल्या बागूल मावशींना खेळायला दिला.
त्यांनी दरवाज्याला हातच लावला नाही.
घाटावरची दुकानं उचलून
एकेक पायरी वर नेत बसल्या.
असं करता येतं हे मलाच माहीत नव्हतं,
तन्वीरने गंमत म्हणून ठेवलं होतं.
'आम्ही पाण्याशी भांडत नाही गं,
भांडी तेवढी वरच्या फळीवर ठेवतो.
उतरलं की चिखल काढायचा.
चिखलाचं काय केलंस तू?'

चिखलाचं मी काहीच केलं नव्हतं.
पुढचे दोन आठवडे त्यातच गेले.
पाणी रंगवणं सोपं असतं, ते पुढे जातं.

बाबा गंगापूर धरणावर होते, एकतीस वर्षं, दरवाज्यांवर.
आधी भोंगा. थांबून पुन्हा भोंगा.
मग अर्धा फूट, आणि वाट पाहणं.
न सांगता त्यांनी कधी पाणी सोडलं नाही
तिथे.
घरी भोंगा नव्हता.
भाजीत मीठ जास्त म्हणून, किंवा कशासाठीच नाही,
सगळे दरवाजे एकदम.
आई ताटं उचलायची. मी दप्तर.

हे मी त्यांच्याशी कधी बोलले नाही.
एका रविवारी फक्त टॅबलेट हातात दिला.
चष्मा कपाळावर ढकलून ते बराच वेळ बघत राहिले.
अंगठा दरवाज्यावर ठेवला. उचलला.
'खाली कोण आहे?'
कोणी नाही बाबा, खेळ आहे.
'असं कसं? खाली कोणीतरी असतंच.'
आणि टॅबलेट पालथा ठेवून
चहा घ्यायला उठले.

त्या रात्री पायरीवर एक मुलगी काढली,
बारा पिक्सेल उंच, रिबिनीसकट चौदा.
भोंगा वाजला तरी ती लगेच निघत नाही.
वही आत टाकते. पेन शोधते.
पेनाचं टोपण शोधते.
तोवर दरवाजा उघडत नाही, कितीही दाबा.
खेळणारे कंटाळतात. कंटाळू देत.

हा बग आहे का, तन्वीरने विचारलं.
नाही, म्हटलं.
दुसरा भोंगा तिच्यासाठी आहे.